डोंगर-रानात फिरताना सोबत ठेवायला स्वस्तातलं छोटं रिव्हॉल्व्हर : .२२ घ्यावं की .३२?

अंतूरचा_पायथा (कन्नड)

नमस्कार मंडळी. शेत डोंगराला लागून आहे. लाइट रात्रीची, त्यामुळे मोटार चालू करायला विहिरीवर अंधारातच जावं लागतं. रानडुकरांचा त्रास लय वाढलाय, बिबट्याचे ठसेही दिसायलेत. सुट्टीला अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी असं किल्ल्यांवर फिरणं असतं. सोबत एखादं हलकं, छोट्या बोअरचं (नळीच्या आतल्या लहान मापाचं) रिव्हॉल्व्हर असावं असं वाटायलंय. परवाना अजून काढलेला नाही, अर्ज करायचाय. बजेट ६० हजारांपर्यंत.

विचारायचं हे :
– .२२ चं ‘निडर’ वजनाला एकदम हलकं आणि स्वस्त म्हणतात. ते या कामाला चालेल का?
– ओळखीतले एक काका त्यांचं जुनं फॅक्टरी मेड (सरकारी शस्त्र कारखान्याचं) .३२ रिव्हॉल्व्हर विकायला काढायलेत. वापरलेलं घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?
– अर्जात कारण काय लिहावं? ‘ट्रेकिंग’ चालेल का?

---

जुनी_पुंगळी (परभणी)

दादा, आधी यादी छोटी करू. ९ एमएम आणि .४५ प्रतिबंधित बोअरमध्ये जातात, आपल्याला मिळत नाहीत. परदेशी हत्यार नव्यानं मागवायचं दार १९८० च्या दशकातच बंद झालं. म्हणून जुनं वाल्थर (जर्मन पिस्तूल) कुणी विकायला काढलं की किंमत लाखांत ऐकू येते. ती लोखंडाची किंमत नाही, टंचाईची आहे. उरतं ते देशी बनावटीचं.

‘निडर’ हे इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, २०१६ मध्ये आलं. .२२ बोअर, ८ गोळ्या, वजन सुमारे २५० ग्रॅम. आलं तेव्हा किंमत ३५ हजारांच्या आसपास होती. ‘निर्भीक’ २०१४ चं, कानपूरचं, .३२ बोअर, ६ गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन साधारण ५२५ ग्रॅम, आणि तेव्हाच किंमत १ लाख २२ हजार. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, तेही कानपूरचं .३२. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो आणि नळी ७६ मिलिमीटरची आहे. उत्तर प्रदेशात संडीला इथं वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं .३२ बनतं, पण तेही तुमच्या बजेटबाहेर. म्हणजे नवं घ्यायचं तर ६० हजारांत बसलं तर निडरच बसेल. आजचा भाव डीलरकडं विचारून घ्या, वर टॅक्सही लागतो.

आता ते चालेल का? डुकरासाठी विचारत असाल तर नाही. हिशोब बघा. .२२ लाँग रायफलची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर. रायफलच्या लांब नळीतून ती दीडशे-पावणेदोनशे ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, पण बोटभर नळीतून शंभरच्या आतबाहेरच, कारण दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडलेली असते. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी सव्वासहा ग्रॅमची, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. आणि बारा बोअरची (छऱ्यांची, लांब नळीची) बंदूक अडीच-तीन हजार ज्यूलवर जाते. पाऊण-एक क्विंटलचा एकुलगा (कळप सोडून एकटा फिरणारा नर डुक्कर) अंगावर येतोय आणि हातात निडर आहे, तर गोळी खांद्याच्या जाड कातड्यात अडकेल आणि तो जास्तच चिडेल. .३२ चीही गत फार वेगळी नाही. दोन्ही बोअर माणसापासून स्वसंरक्षणासाठी म्हणून विकली जातात, तीही पाच-सात मीटरच्या आत.

वजनाचंही तसंच. २५० ग्रॅम खिशात ठेवायला छान, पण चाप ओढायला लागणारं बळ हत्याराच्या वजनापेक्षा कितीतरी पट जास्त. चाप ओढता ओढता नळीचं तोंड खाली किंवा डावीकडं जातं. आखूड नळीवर माशी (नेम धरायची पुढची खूण) आणि खाच (मागची) यांच्यात अंतरच नसतं, त्यामुळे मनगटाची बारीकशी चूक सात मीटरवर वीतभर होते. सरावाशिवाय हलकं रिव्हॉल्व्हर जड रिव्हॉल्व्हरपेक्षा वाईट.

---

कागदं_घेऊन_या (छत्रपती संभाजीनगर)

कारणाच्या मुद्द्यावर. ‘ट्रेकिंग’ लिहू नका, फाइल तिथंच बसेल.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ (३) वाचा. त्यात दोन वाटा आहेत. पहिली : किमान २० इंच नळीची, गुळगुळीत बोअरची (आत आटे नसलेली) बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. इथं कायद्याची भाषा ‘परवाना द्यावा’ अशी आहे. कलम १४ मधलं नाकारण्याचं कारण आडवं आलं नाही तर अर्जदाराची बाजू भक्कम असते. दुसरी वाट बाकी सगळ्या हत्यारांची, त्यात रिव्हॉल्व्हर-पिस्तूल आलं. तिथं ‘सबळ कारण आहे’ अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. डुकरं आणि किल्ले हे रिव्हॉल्व्हरचं सबळ कारण होत नाही. धमक्या आल्यात आणि पोलिसांत नोंद आहे, रोकड बाळगण्याचा धंदा आहे, अशा गोष्टी कागदानिशी लागतात. तुमच्या वर्णनावरून केस पहिल्या वाटेची आहे.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयात. आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तांकडं. वय २१ पूर्ण पाहिजे. २०१६ च्या नियमांप्रमाणे हाताळणी आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (नमुना एस-१) लागतं, आणि हत्यार घरी सुरक्षित कुठं ठेवणार तेही लिहून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं. नाकारलं तर लेखी कारण मागा, कलम १८ खाली अपील आहे.

आता महत्त्वाचं, जे डीलर सांगत नाही. अंतूरची वाट गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या रानातून जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३१ : मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतंही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. शस्त्र परवाना अखिल भारतीय असला तरी इथं उपयोग शून्य. आणि या कायद्यातली ‘हत्यार’ची व्याख्या इतकी रुंद आहे की तिच्यात सुरी, जाळं आणि धनुष्यबाणही येतात. येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर, पैनगंगा, सगळीकडं हाच नियम.

कलम ३४ पण बघा. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव विभागाकडं नाव नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. कन्नड तालुक्यातली कितीतरी गावं या पट्ट्यात आहेत.

---

अंतूरचा_पायथा

बाप रे, सुरीचं माहीतच नव्हतं. म्हणजे किल्ल्यावर न्यायचा विषय संपला. तरी काकांच्या .३२ चं सांगा ना कुणीतरी. त्यांना विकायचंच आहे, मी नाही घेतलं तर माझा धाकटा भाऊ घेईल. त्याचा पेट्रोल पंप आहे, परवाना मंजूर होऊन आलाय.

---

फिलर_गेज (जालना)

पंपवाल्या भावासाठी घ्यायचं असेल तर वापरलेलं .३२ वाईट नाही. पण ‘कपाटातच होतं, एक गोळी नाही झाडली’ यावर जाऊ नका. कपाटात तेल न लावता पडलेलं हत्यार वापरातल्यापेक्षा जास्त बिघडलेलं असतं. पुढचं सगळं रिकाम्या हत्यारावर, नळी भिंतीकडं. उघडून सहाही चेंबर (सिलिंडरमधली काडतुसं बसायची भोकं) डोळ्यानं बघा, मग बोटानं चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

फ्रेमवरचा नंबर काकांच्या परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला तर हातही लावू नका.

फॅक्टरीचं जुनं .३२ मधोमध मोडून उघडतं, नळी पुढं झुकते. या घाटणीचा कमकुवत भाग म्हणजे बिजागरी आणि वरचा खटका. बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरा, वर-खाली, डावी-उजवी हलवा. जाणवेल इतकी खिळखिळ असेल तर सोडा. उजेडासमोर धरून खटक्याखाली फट दिसते का तेही बघा. हे ढिलं झालं की प्रत्येक बारागणिक नळी थोडी उचलते आणि ढिलेपणा वाढतच जातो. झटका देऊन बंद करायची सवय असलेल्या मालकाचं रिव्हॉल्व्हर इथंच मार खातं.

मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट. मोटारसायकलचं टॅपेट सेट करायचं फिलर गेज असतं ना, तेच घ्या. पितळी पात्याचं मिळालं तर उत्तम, ओरखडा पडत नाही. ०.१० ते ०.२० मिलिमीटर म्हणजे ठीक. पाव मिलिमीटरचं पातं आरामात जात असेल तर गॅस आणि शिशाचे कण बाजूनं उडतात. सिलिंडर मागं दाबून एकदा मोजा, पुढं दाबून एकदा. दोन मापांत फरक जास्त आला तर सिलिंडर त्याच्या दांड्यावर पुढं-मागं खेळतोय. अगदीच चिकटून असेल तेही वाईट. दहा-बारा बारांनंतर काजळी बसली की सिलिंडर फिरेनासा होतो.

जुळणी तपासायला घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागं ओढा, दुसऱ्या हाताच्या बोटानं सिलिंडरला हलकासा अटकाव द्या. घोडा अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून कुलूप झाला पाहिजे. एक चेंबर बघून थांबू नका. सहापैकी एखादाच मागं राहतो, आणि त्याच चेंबरची गोळी नळीच्या तोंडावर तिरकी घासून जाते.

घोडा पूर्ण ओढलेला असताना, चापाला हात न लावता, मागून अंगठ्यानं पुढं ढकला. सुटला तर व्यवहार तिथंच संपला. कुणीतरी चाप हलका करायला आतले खटके कानसलेले असतात.

नळीत बघताना मागच्या बाजूला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा. गंजाचे खड्डे दिसतीलच, पण खरं बघायचं ते काळं कडं. आत एखादं आडवं वर्तुळ गडद दिसत असेल तर तिथं नळी फुगलेली आहे. आधी एक गोळी अडकली आणि तिच्यामागून दुसरी झाडली, असा त्याचा अर्थ. बाहेरून बोट फिरवलं तरी कधी कधी उंचवटा लागतो.

---

कागदं_घेऊन_या

व्यवहाराबद्दल भर घालतो. परवानाधारकानं दुसऱ्या परवानाधारकाला हत्यार विकायचं तर कलम ५ प्रमाणे किमान ४५ दिवस आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. घेणाऱ्याचं नाव-पत्ताही त्यात द्यायचा. ‘घेऊन जा, कागद नंतर करू’ हे घरातल्या घरातही चालत नाही. तोवर हत्यार काकांच्या ताब्यात. आणि भावाच्या परवान्यावरचं हत्यार तुम्ही विहिरीवर नेलं तर ते विनापरवाना बाळगणंच झालं. भाऊ सोबत नसताना तर विषयच नको.

---

जुनी_पुंगळी

काडतुसांचं राहिलं. .३२ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी होतात. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, आणि पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटर. पिस्तुलाचं काडतूस लांबीला कमी असल्यानं रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरतं, आणि नेमकं तिथंच लोक फसतात. त्याचा दाब जास्त असतो, जुन्या मोडत्या फ्रेमला तो झेपत नाही. शिरलं म्हणजे चालतं असं नाही. डब्यावरचं नाव वाचूनच घ्या, आणि संख्या परवान्यावर जेवढी मंजूर तेवढीच.

.२२ चा स्वभाव वेगळा. याची टोपी (पिन आदळते ती पेटती जागा) मधोमध नसते, पेटणारा मसाला पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) कडेत पसरलेला असतो. एखाद्या जागी मसाला कमी पडला आणि पिन तिथंच बसली की काडतूस पेटत नाही. म्हणून .२२ मध्ये फुसकं निघायचं प्रमाण मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा जास्त. जीव वाचवायला .२२ नको म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच. दुसरं, .२२ रिकामं ‘खट खट’ वाजवत बसू नये. पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते, कडेला खाच पडते, आणि मग काडतूस नीट बसत नाही. सराव करायचा तर प्लॅस्टिकची नकली काडतुसं घालून.

रेंजवर असताना चाप ओढला आणि नुसता ‘खट’ झाला, तर नळी लक्ष्याकडंच ठेवून सावकाश ३० मोजा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये लगेच दुसऱ्यांदा चाप ओढला तर ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं आणि तिथं पेटलं तर गोळीला जायला वाटच नाही. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का कमी लागला, तर थांबा. रिकामं करा, पितळी सळई नळीतून आरपार जाते का बघा. फिलर_गेज यांनी सांगितलेलं काळं कडं याच चुकीतून येतं.

आणि धरताना डाव्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढच्या तोंडाजवळ नको. त्या फटीतून तापलेला गॅस निघतो, कातडी फाटते.

---

बालाघाटी (धाराशिव)

सराव शेतात करायचा विचार असेल तर तोही सोडा. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि आपल्याकडं जमिनीत बोटभर खाली काळा पाषाण. मऊ शिशाची, कमी वेगाची गोळी दगडावरून उसळते आणि कुठं जाईल सांगता येत नाही. बांधाला मातीचा ढीग दिसतो पण आत दगड असतात. रेंजवरच जा.

ठेवण्याबद्दल. चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात टाकायचं नाही. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि त्यातल्या रसायनानं पोलाद डागाळतं. मे महिन्यात कमरेला लावलं की घामाच्या खारानं चार दिवसांत तांबूस ठिपके येतात, रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा बारीक हात द्यायचा. पण चेंबरमध्ये तेल साचू द्यायचं नाही, ते टोपीत झिरपून काडतूस निकामी करतं. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि डबा हत्यारापासून वेगळ्या कुलपात.

साफ करताना सगळ्यांचं लक्ष नळीकडं. मोडत्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी घाण बसते ती पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली (सिलिंडरच्या मागच्या ताऱ्यासारख्या तुकड्याखाली). तिथं दारूचा एक कण राहिला तरी चांदणी पूर्ण बसत नाही, सिलिंडर फिरताना घासतो आणि माणूस म्हणतो ‘स्प्रिंग गेली’. जुन्या दातांच्या ब्रशनं तेवढी जागा झाडली की बहुतेक वेळा काम होतं.

आता विहिरीवरचं बोलू, कारण मूळ प्रश्न तो आहे. रात्री एका हातात टॉर्च असते. दुसऱ्या हातानं रिव्हॉल्व्हर काढून, अंधारात, पळत्या डुकरावर नेम? सोडा. कपाळावर बांधायची चांगली टॉर्च, हातात लोखंडी सांबी लावलेली काठी, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. घोणस आणि फुरसं डुकरापेक्षा जास्त वेळा आडवी येतात, आणि त्यांच्यापुढं कोणतंच बोअर कामाचं नाही. जाताना मोबाइलवर गाणी लावा, बोलत जा. डुक्कर आणि अस्वल दोन्ही बहुतेक वेळा अचानक समोरासमोर आले तर अंगावर येतात. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला तर निम्म्या रात्री जाणंच टळतं, खर्च रिव्हॉल्व्हरच्या डब्याइतकाही नाही.

---

अंतूरचा_पायथा

ऑटो स्टार्टर आहे हो, पण पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला जावंच लागतं. एअर पिस्तूल कसं राहील? त्याला परवाना लागत नाही म्हणायलेत.

---

जुनी_पुंगळी

.१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, खरं आहे. दहा मीटरवर कागदी टार्गेटवर हात बसवायला झकास आहे. नेम, श्वास, चाप ओढणं सगळं त्यावर शिकता येतं आणि एका छऱ्याला काही पैसेच पडतात. पण एअर पिस्तूल बहुतेक पाच-सात ज्यूलच्या आत असतं. डुकराला कळणारसुद्धा नाही. पाखरांवर, सशावर चालवलं तर शिकारीचा गुन्हा, आणि अभयारण्यात तेही हत्यारच.

---

कागदं_घेऊन_या

शेतासाठी एकनळी बारा बोअरचा अर्ज करा, ती पहिली वाट आहे आणि नवी देशी बंदूक तुमच्या बजेटात बसायची शक्यता जास्त. फक्त परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारता येतं असं नाही. त्याला वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि बिबट्या तर अनुसूची १ मध्ये (सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत). बंदूक जीवावर बेतलं तरच, एरवी हवेत बार काढणंही अंगाशी येतं. वरातीत आनंदानं बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हत्यार घरात आलं की पाहुण्यांचा हट्ट सुरू होतो म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

अर्जासोबत सातबारा, पीकनुकसानीचे जुने पंचनामे आणि वन विभागाकडं भरपाईसाठी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या लावा. सगळ्यात आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तुमच्या गट नंबरचं अभयारण्याच्या हद्दीपासूनचं अंतर लेखी घ्या. १० किलोमीटरच्या आत निघालं तर संमतीचा पत्रव्यवहार वेगळा चालतो. ते पत्र सुरुवातीलाच फाइलीत असलं की पोलीस अहवाल आल्यावर त्रुटी काढून फाइल परत येत नाही.